पाच मुलगे, एक राज्य आणि माझी फजिती: क्रुसेडर किंग्ज ३ मध्ये लग्नं आणि वारस कसे सांभाळता?

दिवेलागण

आधीच सांगते, लढाया मला जमतात. सैन्य कुठे उभं करायचं, नदी ओलांडताना हल्ला का करू नये, हे सगळं पचलंय. माझं घोडं अडतं ते घरात. म्हणजे गेममधल्या घरात. (या संगणक गेममध्ये आपण मध्ययुगातलं एक घराणं चालवतो, राजा मेला की त्याचा वारस होऊन पुढे खेळतो.)

सुरुवात सगळे करतात तिथूनच केली. १०६६, आयर्लंड, मन्स्टरचा राजा मुर्खाद. (नाव वाचून धाकटा भाऊ इतका हसला की पुढे दोन दिवस मला त्याच नावाने हाक मारत होता.) मुर्खादने बेटाचा दक्षिण भाग घेतला, त्याच्या मुलाने उरलेला घेतला आणि १०९७ मध्ये मी आयर्लंडचं राज्य जाहीर केलं. हा मुलगा माझा आवडता राजा. शांत, हिशेबी, बायको बुद्धिमान. त्यांना पाच मुलगे झाले. प्रत्येक जन्माची चौकट उघडली की मी खूश. वारसांची चिंता मिटली म्हणून!

त्या खुशीत वेल्समध्ये शिरले. निम्म्याहून जास्त वेल्स ताब्यात आलं. वेल्सचा राजा व्हायचं बटण समोर होतं, पण पाचशे सोन्याची नाणी लागत होती. म्हटलं, कशाला? जमीन तर आपलीच आहे. त्या पैशात दोन किल्ले बांधले.

११२१ मध्ये रात्री साडेअकराला राजा गेला. वारसाची चौकट उघडली, मी न वाचता पुढे ढकलली आणि नकाशा बघते तर समुद्रापलीकडचा रंगच वेगळा. दुसऱ्या नंबरचा मुलगा वेल्सचा राजा झालेला! जो किताब मी बनवलाच नव्हता तो त्याच्या डोक्यावर आला कुठून? तिसऱ्याला लेन्स्टर, चौथ्याला कॉनाक्ट, पाचव्याला एक काउंटी, म्हणजे एखादा जिल्हा. थोरल्याकडे मुकुट, मन्स्टर आणि तीनशे माणसांचं सैन्य. दोन वर्षांत लेन्स्टर आणि कॉनाक्टवाले भाऊ त्याच्याविरुद्ध गटात.

बरं, थोरला तरी धड असावा ना. त्याचं खरं नाव मला उच्चारता येत नाही, म्हणून घरात सगळे त्याला थोरलाच म्हणतात. लहानपणी तो 'क्युरिअस', म्हणजे जिज्ञासू, होता. मी त्याला सेनापती करायचं ठरवलं, शिक्षण मार्शलचं म्हणजे युद्धाचं लावलं, गार्डियन म्हणून, म्हणजे मुलाला घडवणारा गुरू म्हणून, दरबारातला सगळ्यात भारी योद्धा दिला. सोळाव्या वर्षी निकाल लागला: मार्शल शिक्षण, सगळ्यात खालची पायरी. वर 'ॲरोगंट' (घमेंडी) आणि 'रॅथफुल' (तापट). दहा वर्षं शिकवून हाती हे.

लग्नाचंही तेच. बायकोच्या यादीत मी 'अलायन्स पॉवर'वर, म्हणजे युतीतून मिळणाऱ्या ताकदीवर, क्रम लावते आणि पहिलीवर टिचकी मारते. थोरल्याला फ्रान्सच्या राजाची बहीण मिळाली. सोळाचा नवरा, पंचविशीची नवरी. दोन युद्धांत मेहुण्याचं सैन्य आलं, फार मजा आली. मग मेहुणा मेला आणि युतीही त्याच्याबरोबर गेली. आता थोरला एकतीसचा, बायको चाळीसची आणि पदरात सात वर्षांची एक मुलगी. बास.

तर प्रश्न असे. वेल्सचं काय झालं ते कोणी समजावून सांगेल का? मुलांना शिकवायचं कसं? आणि आत्ता मी काय करू? घटस्फोट घेऊन दुसरं लग्न, की मुलीलाच तयार करू? जुन्या सेव्हवर जायला सांगू नका. भावाशी पैज लागली आहे की मागे न जाता १४५३ पर्यंत, म्हणजे गेम संपतो तिथवर, खेळेन.

उलटा_बुरूज

वेल्सक्लबमध्ये स्वागत. माझा किताब बव्हेरियाचा होता, बाकी गोष्ट शब्दशः हीच.

तुमच्या राज्यात 'कन्फेडरेट पार्टिशन' हा वाटणीचा कायदा आहे. यात राजा मेला की गेम बघतो, त्याच्या मुख्य किताबाच्या तोडीचा आणखी किताब त्याच्या जमिनीतून बनू शकतो का? बनत असेल तर तो स्वतःच, फुकटात बनवतो आणि पुढच्या मुलाला देतो. तुम्ही वाचवलेली पाचशे नाणी शेवटी धाकट्याच्या कामी आली. आणि दोघं एकाच पायरीचे राजे झाल्यामुळे तो तुमचा मांडलिक होत नाही, सरळ शेजारी होतो. लेन्स्टर आणि कॉनाक्टवाले ड्यूक आहेत, राजापेक्षा खाली, म्हणून ते निदान तुमच्या छपराखाली राहिले.

उपाय? मरायच्या आधी डोक्यावर साम्राज्य घ्या, म्हणजे मुलगे राजे झाले तरी तुमच्या खालीच राहतील. तुमच्या भागात ते ब्रिटानिया. ते झेपणार नसेल तर दुसऱ्या राज्याची निम्मी जमीन पार करू नका. निम्म्याच्या आत थांबलात तर बनवायला किताबच नाही.

आणि ती चौकट वाचत जा हो. राजा जिवंत असतानाच किताबांच्या पानावर दिसतं, कोणाला काय जाणार ते. मी पन्नाशी उलटलेल्या राजाबरोबर दर वर्षी एकदा ते पान उघडतो.

तहनामा

वरचं बरोबर आहे, म्हणून वाटणीबद्दल थोडंच लिहितो आणि मुलांवर येतो. खरा घोळ तिथे आहे.

वाटणीचा कायदा बदलता येतो, पण तुमच्या संस्कृतीने ती ती इनोव्हेशन (नवी सुधारणा) शिकलेली असावी लागते. 'हेरेडिटरी रूल' आलं की साधं पार्टिशन मिळतं. त्यातही वाटणी होतेच, पण न बनवलेले किताब गेम आपणहून बनवत नाही. 'हेराल्ड्री' आलं की हाय पार्टिशन, त्यात मुख्य वारसाला निदान निम्मं तरी मिळतं. सगळं थोरल्यालाच, हा प्रकार उशिरा मध्ययुगातला, म्हणजे १२०० च्या पुढे. तुमचं अजून ११३० सुद्धा उजाडलेलं नाही, तेव्हा पुढच्या दोन-तीन पिढ्या वाटणी गृहीत धरूनच मुलं जन्माला घाला. पाच मुलगे ही या काळात श्रीमंती नव्हे, कर्ज आहे.

आता थोरल्याचं शिक्षण. तिसऱ्या वर्षाच्या आसपास मुलाला एक स्वभाव मिळतो आणि लोक तो बघून 'अरे वा, गोड' म्हणतात आणि विसरतात. तो पुढच्या तेरा वर्षांचा नकाशा आहे. क्युरिअस मुलाचा कल डिप्लोमसी (मुत्सद्देगिरी) आणि लर्निंगकडे (विद्येकडे). राउडी (दांडगट) असेल तर मार्शल किंवा इंट्रीग (कटकारस्थान). बॉसी (हुकूम सोडणारं) असेल तर मार्शल किंवा स्टुअर्डशिप (कारभार). पेन्सिव्ह (विचारात बुडालेलं) म्हणजे लर्निंग किंवा स्टुअर्डशिप, चार्मिंग (लाघवी) म्हणजे डिप्लोमसी किंवा इंट्रीग. तुम्ही प्रश्न विचारत सुटणाऱ्या पोराला दहा वर्षं तलवार धरायला लावली. तो खालच्या पायरीवर आला यात नवल नाही, टिकला हेच नवल.

गार्डियनचंही तेच. 'दरबारातला सगळ्यात भारी योद्धा' हा निकष मीसुद्धा लावायचो. योद्ध्याचं प्राउएस शिकवायला उपयोगी नाही, तो आकडा मारामारीचा. ज्या विषयाचं शिक्षण आहे त्यातलं त्याचं कौशल्य आणि त्याचं लर्निंग, या दोन गोष्टी बघा. आणि त्याचे स्वभाव बघा, कारण ते मुलात झिरपतात. तुमचा योद्धा घमेंडी आणि तापट होता का? एकदा जाऊन बघा. पैज लावतो, होता.

माझा एक अनुभव सांगतो. माझी एक राणी होती, 'कंपॅशनेट', म्हणजे मनाने मऊ. तिच्या मुलाला मी तिच्याच हाताखाली ठेवलं, कारण राजा स्वतः गार्डियन असला की प्रसंग आपल्यासमोर येतात आणि मूल कोणीकडे वळवायचं ते आपण ठरवतो. पोरगं आठ वर्षांचं असताना प्रसंग आला. ते दरबारातल्या दुसऱ्या पोराला छळताना सापडलं. पर्याय तीन. मला लढवय्या राजा हवा होता, म्हणून मी छळाला हसून सोडून देणारा पर्याय निवडायला गेलो, तर शेजारी स्ट्रेसचं लाल चिन्ह. तिच्या स्वभावाविरुद्ध जात होतो ना. तरी निवडला. असं चार वेळा केलं. मुलगा मला हवा तसा कठोर झाला आणि राणीचा स्ट्रेस शंभराच्या वर जाऊन ती दारूला लागली. पुढे ती लवकर गेली आणि मुलगा चौदाव्या वर्षी गादीवर बसला. रीजंट म्हणून, म्हणजे अज्ञान राजाच्या वतीने कारभार बघायला, बसलेल्या काकाने दोन वर्षांत सत्तेचा तराजू आपल्याकडे कसा झुकवला ते विचारू नका.

तेव्हापासून नियम असा: राज्यकर्त्याच्या स्वभावाशी जुळणारे गुणच मुलात घालायचे असतील तर स्वतः गार्डियन व्हायचं. वेगळे हवे असतील तर तसा स्वभाव असलेलं दुसरं माणूस शोधायचं आणि आपण बाजूला व्हायचं.

उरलेल्या भावांचं म्हणाल तर पुढच्या पिढीसाठी लक्षात ठेवा. धाकट्याला मठात जायला सांगता येतं. 'टेक व्हाउज' केलं की तो वारसांच्या रांगेतून बाहेर. श्रद्धाळू असेल तर ऐकतो, महत्त्वाकांक्षी असेल तर तोंडावर नाही म्हणतो. तुम्ही वंशप्रमुख असाल तर थेट वारसाहक्क काढूनही घेता येतो, पण त्याला रिनाउन, म्हणजे कीर्तीचे गुण, लागतं आणि ते सगळ्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जमवलेलं असतं. मी ते एकदाच केलं आणि अजून हळहळतो.

थोरल्याला लग्नाआधी जमीन देऊ नका, हेही. मोठा झाल्यावर जमीन मिळालेला मुलगा स्वतःचं लग्न स्वतः ठरवतो. माझ्या एकाने पंचेचाळीस वर्षांची विधवा आणली होती. त्यांचं छान चाललं होतं, माझं नाही.

मावळती

मुलीला तयार करा असं म्हणणारे अजून आले नाहीत, म्हणून मी म्हणते. तुमची मुलगी सात वर्षांची आहे. आत्ताच्या घडीला तीच वारस आहे, कारण तुमच्याकडच्या कायद्यात मुलगा नसेल तर मुलगी येते. तिचा बालस्वभाव बघा, चांगला गार्डियन द्या, नऊ वर्षं हातात आहेत.

पण तिचं लग्न ठरवताना त्या चौकटीतलं 'मॅट्रिलिनिअल' (म्हणजे मुलं आईच्या घराण्याची) ही छोटी खूण तपासा. मग परत तपासा. मग चहा पिऊन या आणि परत तपासा.

माझी गोष्ट थोडक्यात. एकुलती एक राजकन्या, बुद्धिमान, देखणी, डिप्लोमसीत वरची पायरी. अकराव्या वर्षी तिचा वाङ्‌निश्चय एका जर्मन ड्यूकच्या मुलाशी केला. तिकडून चटकन होकार आला. इतका चटकन की मला संशय यायला हवा होता. खूण केलीच नव्हती. लग्न साधं झालं. माझी राणी छान राज्य करत होती, तीन मुलं झाली, आणि तिसऱ्याच्या जन्मावेळी सहज म्हणून बघितलं तर मुलाच्या ढालीवरचं चिन्ह वेगळं. तिन्ही मुलं नवऱ्याच्या घराण्याची! राणी जिवंत आहे तोवर मी खेळत राहणार, ती गेली की वारस परक्या घराण्याचा, म्हणजे खेळ खलास. पुढची अठरा वर्षं माझ्याच घराण्यातला एखादा लांबचा भाचा, चुलत चुलत कोणीतरी गादीवर यावा म्हणून धडपडले. नाही जमलं. एका मंगळवारी राणी न्यूमोनियाने गेली आणि पडद्यावर शेवटची चौकट आली.

मॅट्रिलिनिअलला होकार अवघड जातो, कारण मुलगा देणाऱ्याचं घराणं त्यात वाढत नाही. राजाचा थोरला मुलगा मिळणार नाही, सोडून द्या. तिसरा, चौथा मुलगा बघा, किंवा दरबारात आलेला बिनजमिनीचा पण चांगल्या रक्ताचा. 'जीनिअस' ट्रेट असलेला नाइट मिळाला तर राजपुत्राकडे बघूही नका. टूर्स अँड टूर्नामेंट्स हा गेमचा वेगळा विकत मिळणारा भाग असेल तर थाटात लग्न करून देण्याचं वचन द्यायचा पर्याय येतो, त्याने होकाराचं पारडं बरंच झुकतं. मात्र वचन दिलं तर सोहळा करा. विसरलात तर दोन्हीकडून बोलणी बसतात.

घटस्फोटाचं म्हणाल तर तुम्ही कॅथलिक आहात, पोपची परवानगी लागेल. पोप तुमच्यावर खूश आहे का?

नकाशेवाला

गेमबद्दल वर सगळं आलंय, मी जरा बाजूची गंमत सांगतो. दिवेलागण यांनी जे भोगलं ते मन्स्टरने खरंच भोगलंय, आणि तेही याच घराण्याने.

मुर्खादचे वडील डोनखाद म्हणजे आयर्लंडच्या नामांकित राजाचा, ब्रायन बोरूचा मुलगा. तोच ब्रायन, जो १०१४ मध्ये क्लोनटार्फच्या लढाईच्या दिवशी मारला गेला. डोनखादला त्याच्याच पुतण्याने, तुर्देल्बाखने, १०६३ मध्ये गादीवरून काढलं. डोनखाद रोमला गेला आणि पुढच्याच वर्षी तिथे वारला. म्हणजे १०६६ मध्ये खऱ्या मन्स्टरवर हुकूम तुर्देल्बाखचा होता. गेमने मुर्खादला बसवलंय ते नवशिक्यांसाठी ठीक आहे.

आता मुद्द्याचं. तुर्देल्बाख १०८६ मध्ये गेला आणि मन्स्टरची तीन मुलांत वाटणी झाली. त्यातला ताग काही आठवड्यांत मेला. मग मुर्खेर्ताखने दिअर्मदला हाकलून दिलं आणि सगळं आपल्याकडे घेतलं. कन्फेडरेट पार्टिशन, भावांची युद्धं, सगळं जसंच्या तसं. समुद्रापलीकडे पुढच्याच वर्षी, १०८७ मध्ये, विल्यम द कॉन्करर गेला. थोरल्या रॉबर्टला नॉर्मंडी, मधल्या विल्यमला इंग्लंड आणि धाकट्या हेन्रीला फक्त रोकड. शेवटी ११०६ पर्यंत दोन्ही कोणाकडे आलं? रोकडवाल्याकडे. तेव्हा तुमच्या काउंटीवाल्या पाचव्या भावावर नजर ठेवा.

घटस्फोटाबद्दलही. 'जवळचं नातं निघालं' हे कारण देऊन लग्न रद्द करायची तेव्हा पद्धतच होती. एक्विटेनच्या एलिनॉरचं आणि फ्रान्सच्या सातव्या लुईचं लग्न मार्च ११५२ मध्ये असंच रद्द झालं. त्यांना दोन मुलीच होत्या. मे महिन्यात तिने हेन्रीशी लग्न केलं, जो पुढे इंग्लंडचा दुसरा हेन्री झाला. त्याच्याशी तिचं नातं लुईपेक्षाही जवळचं होतं. त्याला पाच मुलगे झाले. आणि त्यातल्या तिघांनी ११७३ मध्ये बापाविरुद्ध बंड केलं. म्हणजे मुलगे नाहीत ही एक कटकट, आहेत ही दुसरी.

आयरिश संस्कृती आहे तर टॅनिस्ट्री मिळते का बघा. यात व्हॅसल म्हणजे मांडलिक लोक घराण्यातला वारस मतांनी ठरवतात. त्यांना खूश ठेवावं लागतं, आणि खालच्या काउंट्यांची वाटणी काही थांबत नाही, पण मुकुट नालायक थोरल्याकडे जाणं टळतं. या पद्धतीतला नेमलेला वारस म्हणजे 'तॉनिश्ता'. आयर्लंडच्या उपपंतप्रधानाला आजही हेच म्हणतात.

उंबरठा

इतकं वाचून मला थोडा राग आला, म्हणून लिहितो. तुम्ही सगळे मुलं वाढवताय की घोडे? जीनिअस आणा, देखणा आणा, बुटका आला की मठात टाका. माझ्या घराण्यात एक बोबडा, दोघे पायांनी अधू आणि एक पार वेडसर राजा झाला. वेडसराच्या काळात जेवढी मजा आली तेवढी माझ्या सगळ्या हुशार राजांना मिळून आली नाही. थोरला घमेंडी आणि तापट आहे ना? मग त्याला तसंच खेळा. भावांनी डिवचलं की युद्ध करू द्या. बायकोला सोडू नका, ती पंधरा वर्षांची सोबत आहे.

तहनामा

उंबरठा, मुद्दा मान्य, पण बाईंनी भावाशी १४५३ ची पैज लावली आहे. वेडसर राजाबरोबर तीनशे वर्षं निघत नाहीत.

उंबरठा

माझी निघाली. तीनशे नाही, दोनशे सत्तर.

दिवेलागण

सगळ्यांचे आभार. तीन रात्री खेळून आले, काय झालं ते सांगते.

तहनामा, गार्डियन बघितला. मेलेला आहे, पण पान उघडतं. ॲरोगंट, रॅथफुल, वर सेडिस्टिक, म्हणजे छळात आनंद मानणारा. पैज तुम्ही जिंकलात. त्या माणसाचा फक्त प्राउएसचा आकडा बघून मी पोटचं पोर त्याच्या हातात दिलं होतं.

मुलगी पेन्सिव्ह निघाली. तिला स्टुअर्डशिप लावलं आणि दरबारातली एक म्हातारी काउंटेस गार्डियन दिली. लर्निंग चांगलं, स्वभावाने कष्टाळू आणि न्यायी. मुलगी नऊ वर्षांची असताना ती म्हातारी गेली. मुलीच्या नावापुढे स्ट्रेस वाढला. मला खरंच वाईट वाटलं.

पोपकडे अर्ज केला. नाही म्हणाला. थोरल्याने तरुणपणी एका बिशपला तुरुंगात टाकलं होतं, ते मी विसरले होते, पोप विसरला नव्हता. उंबरठा, तुमचं ऐकून मग बायकोला सोडलंच नाही. काउन्सिलमध्ये तिला राज्यकारभाराला हात लावायला सांगितलं. एवढी वर्षं मी तिचा स्टुअर्डशिपचा आकडा बघितलाच नव्हता! माझ्या राजाच्या दुप्पट आहे. उत्पन्न वाढलं, त्या पैशात भाडोत्री सैनिक घेतले आणि कॉनाक्टवाल्या भावाचं बंड मोडलं. लेन्स्टरवाल्याने गट सोडला. पाचवा, काउंटीवाला, गप्प आहे. नकाशेवाला, त्याच्याकडे मी संशयाने बघत असते.

मुलीसाठी एक तिसरा राजपुत्र बघून ठेवला होता. मॅट्रिलिनिअल, तीनदा तपासलं, एकदा भावालाही बोलावून दाखवलं. तो म्हणाला, मुर्खाद, खूण आहे, कर आता. केलं.

आणि काल रात्री. थोरला चौतीस, बायको त्रेचाळीस. 'राणी गरोदर आहे' अशी चौकट आली. मी खुर्चीतून उठले. नऊ महिने पुढे सरकवले, हळू, सगळ्यात कमी वेगाने. जुळे. दोन्ही मुलगे.

म्हणजे मुलगी आता वारस नाही, तिचा तो मॅट्रिलिनिअल नवरा विनाकारण ठरवला, आणि कायदा अजून कन्फेडरेटच आहे. वेल्स परत घ्यायला निघाले होते, सैन्य जहाजात आहे. निम्म्याच्या आत थांबायचं म्हणजे नेमक्या किती काउंट्या, उलटा_बुरूज? लवकर सांगा, गेम थांबवून ठेवला आहे.